सोन्याची दुसरी पाकळी

हेझल थर्केटलला एक सवत होती आणि ती तिच्याच घरात, कोठीच्या दाराआड उभी असायची. लांब दांडा, खाली ताटलीएवढं चक्र, वर दोन बटणं आणि कानाला लावायचे फोन. जमिनीतला धातू हुडकायचं ते यंत्र होतं. पर्सी थर्केटल आठवडाभर विथर्टन गावात टपाल वाटायचा आणि रविवार उजाडला की हिला खांद्यावर टाकून शेतात पसार व्हायचा. हेझल दारातून ओरडायची, "तिला चहा पाजलास का रे? की उपाशीच नेतोयस बिचारीला?" पर्सी नुसता हसायचा. त्या माणसाशी भांडायचं म्हणजे भिंतीशी चेंडू खेळण्यासारखं होतं, सगळी धावपळ आपणच करायची.

सफोकच्या त्या कोपऱ्यात नाद लागलेले असे बरेच होते. बहुतेकांना नाणी आणि बटणं सापडतात, पर्सीलाही तेवढंच सापडायचं. पण एकोणीस वर्षांपूर्वी गॅरडांच्या वरच्या वावरात, जवाच्या खुंटांमधून, त्याच्या हाताला सोनं लागलं. झगा खांद्यावर अडकवायच्या फाशाची एक पाकळी. आगपेटीएवढी, आणि तिच्यावर लालभडक खडे असे बसवलेले की दोन खड्यांमध्ये केस जाऊ नये. इंग्लंडात राजे गावागणिक होते त्या काळातली, चौदाशे वर्षांपूर्वीची. कडेला पिन ओवायच्या तीन बारीक कड्या होत्या. म्हणजे जोडीची दुसरी पाकळी असणारच.

पर्सीनं कायद्याप्रमाणे सरकारात कळवलं. पाकळी जिल्ह्याच्या संग्रहालयात गेली, काचेआड बसली, आणि तिच्याखालच्या चिठ्ठीवर लिहिलं गेलं : 'जोड सापडलेली नाही.' ती ओळ पर्सीला काट्यासारखी रुतली. त्यानंतरचे सगळे रविवार त्याच वावरात गेले. दर वर्षी त्याच्या वाढदिवसाला दोघं बसनं संग्रहालयात जायची आणि तो काचेसमोर टोपी हातात घेऊन उभा राहायचा. हेझल म्हणायची, "तुझ्या आजारी मावशीला भेटायला तू कधी इतका नेमानं गेला नाहीस."

मग पर्सीच आजारी पडला. शेवटच्या आठवड्यात त्यानं एकच गोष्ट मागितली. "हेझल, दुसरी अर्धी तेवढी बघ गं." त्याला पुरताना तिनं त्याच्या डाव्या हातात तिनंच विणलेला, बोटं उघडी असलेला हिरवा लोकरी हातमोजा चढवला. अंत्यविधीवाल्या माणसानं अदबीनं विचारलं, "जोडी नाही का द्यायची, मॅडम?" ती म्हणाली, "नाही. उजवा मी ठेवतेय."

वर्षभर सवत कोठीतच राहिली. पुढच्या ऑगस्टात रॉडनी गॅरड कुंपणापाशी येऊन थांबला. जमीन त्याची. माणूस बरा, पण तोंडानं फटकळ.

"वरचं वावर देतोय मी, हेझल. सूर्याच्या विजेवाल्यांना. ऑक्टोबरात पत्रे ठोकतील."

"आणि पर्सीची पाकळी?"

"अगं, पर्सीनं चाळून चाळून माती पिठासारखी केली माझी! असती तर मिळाली नसती का? घरी बस, गुडघे सांभाळ."

"गुडघे माझे आहेत, रॉडनी. तू तुझी जीभ सांभाळ."

दुसऱ्याच दिवशी तिनं यंत्र बाहेर काढलं. आतली बॅटरी पाझरून हिरवी पडली होती. नवी घातल्यावर यंत्र बोलू लागलं, पण पर्सीनं करून ठेवलेली मांडणी पुसली गेली होती, आणि हे हेझलला कळायचं काही कारण नव्हतं.

हा नाद असलेल्या लोकांची एक रीत आहे. लोखंडाचा आवाज यंत्रात आधीच बंद करून टाकायचा. शेतात खिळे, तारा, नाल यांचा सुकाळ, प्रत्येकासाठी वाकलं तर कंबर मोडेल. लोखंड म्हणजे कचरा, हे पर्सी इतक्या ठामपणे म्हणायचा की जणू बायबलात लिहिलंय.

हेझलच्या कानात मात्र सगळंच वाजू लागलं. तीन आठवडे ती खुंटांमधून हिंडली, गंजक्या तारा काढल्या, प्रत्येक खड्डा पर्सीच्या शिस्तीप्रमाणे परत बुजवून पायानं दाबला. एकदा खड्ड्याशी गुडघे टेकलेल्या जागीच तिला रडू कोसळलं. सोन्याचं तिला काडीचं वेड नव्हतं. पर्सी जिथं जिथं चालला तिथं चालायला मिळत होतं, आणि ऑक्टोबरात तेही संपणार होतं.

सप्टेंबरच्या एका दुपारी ती पर्सीच्या जागेवर जेवायला बसली. वावरात एवढाच उंचवटा, जरासा, पाठीवर गाठ यावी तसा. तिथली जमीन कोरडी म्हणून पर्सी एकोणीस वर्षं तिथंच पोतं अंथरून चीज-लोणच्याचं सँडविच खायचा. तिनं यंत्र शेजारी ठेवलं, तर ते ओरडलं. जरा सरकवलं, गप्प. आणखी सरकवलं, पुन्हा ओरडलं.

हेझलनं जन्मभर विणकाम केलेलं. सारख्या अंतरावर काही आलं की तिचे कान आपोआप मोजायला लागायचे. इथंही वीतभर अंतरानं आवाज होता, टाक्यामागून टाका पडावा तसा. ती उठली. आवाज आला की तिथं एक गारगोटी ठेवायची. चहा गार झाला, सँडविच कावळ्यांनी टिपलं. दोन तासांनी कमरेवर हात ठेवून ती मागं सरकली आणि बघतच राहिली. गारगोट्यांच्या रांगा मध्ये फुगून दोन्ही टोकांना एकत्र येत होत्या. त्या काळी इकडे बड्या माणसाला नावेसकट पुरायचे, हे पर्सीनंच तिला सांगितलेलं.

"पर्सी," ती मोठ्यानं म्हणाली, "अरे गाढवा, तू नावेवर बसून जेवत होतास!"

खुरपं हातात होतं. पाकळी खालीच असणार, हातभरावर. खणलं तर आज संध्याकाळी ती आपल्या मुठीत असेल, कळवलं तर उद्यापासून या वावरात आपण पाहुण्या. पण नांगराचा फाळ पोचतो त्याखाली आपण खणायचं नाही, ते जाणकारांचं काम, हा पर्सीचा दुसरा नियम होता आणि तो बरोबर होता. तिनं खुरपं पुसून पिशवीत टाकलं आणि संग्रहालयाला फोन लावला.

विजेवाल्यांना थांबावं लागलं. उत्खननाला इमोजेन नावाची तरुण बाई आली, तिच्याबरोबर चौघं. लाकूड रेतीनं केव्हाच खाल्लं होतं. उरला होता नावेचा काळपट डाग आणि तिच्या फळ्या जोडणारे गंजलेले खिळे. मधोमध माणसाचीही नुसती सावली होती, शेजारी तलवारीचा गंज. हेझल रोज फळांचा केक घेऊन जायची आणि दोरीबाहेर खुर्ची टाकून बसायची. रोज तोच प्रश्न. "मिळाली का गं?"

"अजून नाही, मिसेस थर्केटल."

शेवटच्या दिवशी इमोजेन हातात डबी घेऊन स्वतःच दोरीबाहेर आली.

"सगळी माती चाळली. दुसरी पाकळी नाही. ससा बीळ करत या माणसाच्या खांद्यापर्यंत आला होता, त्यानं पहिली पाकळी वर काढली. पण छातीवरची जागा कुणी हलवलेली नाही. तिथं हे होतं."

डबीत बोटाएवढी गंजलेली टाचणी होती. साधी, लोखंडाची.

"गंजात लोकरीचा ठसा आहे, बघा. झगा या टाचणीनं अडकवला होता. सोन्याचा फासा असताना अशी टाचणी का लावावी? संग्रहालयातल्या पाकळीच्या कड्या धड आहेत, ओढाताण नाही. कुणीतरी हातानं पिन काढली, एक अर्धी त्याच्या खांद्यावर ठेवली, आणि..."

"आणि दुसरी घरी नेली," हेझल म्हणाली.

"खात्रीनं नाही सांगता येणार. बायको असेल, आई असेल."

हेझलला खात्री होती. एकोणीस वर्षांचे रविवार, तो पाऊस, ते गारठलेले पाय, आणि ती पाकळी या मातीत कधी नव्हतीच. हे पर्सीला सांगता यावं म्हणून ती काहीही द्यायला तयार होती. तो आधी चिडला असता, मग टोपी काढून गप्प बसला असता. ते गप्प बसणं बघायला तिचा जीव आसुसला.

"पत्रे ठोकायच्या आधी आठ दिवस मिळतील," इमोजेन म्हणाली. "तुम्ही म्हणत असाल तर उरलेलं वावर बघू."

"नको गं," हेझल म्हणाली. "तिची तिच्याकडेच असू दे."

वारा सुटला होता. तिनं कोटाच्या खिशातून एकुलता हिरवा हातमोजा काढला, उजव्या हातात चढवला, आणि यंत्र उचलून घराकडे निघाली.