पाद्र्याच्या चेहऱ्याचा नट

ॲम्ब्रोज थॅकलीला देवाने पाद्र्याचा चेहरा दिला आणि देवावरचा विश्वास तेवढा द्यायचा राहिला, ही त्याची जन्माची तक्रार होती. लांबट फिकट तोंड, मागे हटलेले केस आणि सदा पाणावल्यासारखे डोळे. बाप लँकशायरमधल्या बरी गावचा खाटीक. "हे थोबाड बघून गिऱ्हाईक मटण सोडून उपास धरेल," असं म्हणत त्याने पोराला दुकानामागे आतडी धुवायला बसवलं. तिथून ॲम्ब्रोज पळाला आणि फिरत्या नाटक कंपनीत शिरला. त्याला राजे रंगवायचे होते, दरोडेखोर रंगवायचे होते. पण पहिल्याच वर्षी पाद्र्याचं काम करणारा नट कपडेपटातल्या बाईबरोबर पसार झाला. मालकाने ती पांढरी कॉलर ॲम्ब्रोजच्या गळ्यात अडकवली. ती पुढे तीस वर्षं निघाली नाही.

पुढे बोलपट आले. तिथेही तेच. कुणाचं लग्न असो की मर्तिक, पडद्यावर दोन वाक्यं म्हणायला थॅकली. त्याचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, तोंड मात्र सगळ्या इंग्लंडला पाठ. बसमध्ये बसला की शेजारची बाई नवऱ्याच्या दारूचं गाऱ्हाणं सुरू करी. एकदा केस कापताना न्हाव्याने कात्री खाली ठेवली आणि मेहुणीबद्दलचं पाप कबूल केलं.

"मी काय करू याचं?" घरी येऊन तो हॅट आपटायचा.

"माफ करून टाक," त्याची बायको हिल्डा म्हणायची. ती जुनी नाचणारी, पाय थकले तरी जीभ शाबूत. "नाहीतरी तुला दुसरं काय येतंय?"

सगळ्यांत ताप शेजारच्या मिसेस पार्जेटरचा. क्रॉयडनच्या त्या गल्लीत ॲम्ब्रोजने कुंपणाचं फाटक उघडलं रे उघडलं, की म्हातारी हजर. पायाच्या फुगलेल्या शिरा, कोळशाची धूळ, आणि कॅनडात लाकडाच्या गिरणीत कामाला गेलेला मुलगा लेनर्ड. लेनर्ड काय खातो, लेनर्डला थंडी कशी सोसते. ॲम्ब्रोज हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेत उभा राही आणि मनातल्या मनात दात खाई.

एके वर्षी एका सिनेमात खाटकाची चांगली भूमिका निघाली. ॲम्ब्रोज धावत गेला, बापाचं नाव सांगितलं. दिग्दर्शकाने त्याच्याकडे बराच वेळ बघितलं आणि मायेने म्हटलं, "थॅकली, तुम्ही सुरी उचललीत की लोकांना वाटेल आता जेवणाआधीची प्रार्थना होणार." त्या सिनेमातही एक लग्न होतं. ते त्यानेच लावलं.

मग एके दिवशी त्याचा एजंट सिडनी क्रॅबचा फोन आला. "ॲम्ब्रोज, राजा, खुनी आहे! नवं नाटक, मुख्य काम!"

ॲम्ब्रोज ताडकन उठला. "खुनी? मी?"

"चार विधवांना विष घालतो. तिसऱ्या अंकापर्यंत कुणाला संशयसुद्धा येत नाही."

"का येत नाही?"

सिडनी जरा घुटमळला. "म्हणजे... तो पाद्री आहे."

ॲम्ब्रोजने फोन आपटला. हिल्डाने तो उचलून सिडनीला होकार कळवला.

लीड्समध्ये पहिला प्रयोग झाला. आयुष्यभराचा वैताग ॲम्ब्रोजने त्या पाद्र्यात ओतला. बायकांची गाऱ्हाणी ऐकताना तो जे हसू चेहऱ्यावर चिकटवी तेच त्याने इथे चिकटवलं, फक्त आतला राग किंचित दिसू दिला. चौथ्या विधवेपुढे त्याने हळुवारपणे कप सरकवला तेव्हा पुढच्या रांगेतली एक बाई उठून ओरडली, "अगं बये, पिऊ नकोस तो चहा!" नाटक लंडनला गेलं, त्याचा सिनेमा झाला, आणि ॲम्ब्रोज थॅकली हे नाव पहिल्यांदाच मोठ्या अक्षरांत लागलं.

आता बसमध्ये त्याच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. पहिले काही दिवस त्याने मजेत पेपर वाचला. मग खाणावळीतल्या पोरीने त्याच्या टेबलावर यायला नकार दिला. मग मिसेस पार्जेटर त्याला बघून रस्ता ओलांडून पलीकडे जाऊ लागली. एक दिवस त्याने तिला गाठलंच.

"अहो बाई, मी नट आहे! कुणाला मारत नाही मी! साध्या खाटकाचा मुलगा आहे!"

"खाटकाचा?" म्हातारी दोन पावलं मागे सरली. "मग तर आणखीच!"

त्यात सिडनीचा पुन्हा फोन. "राजा, आणखी एक खुनी पाद्री. आणि या वेळी बिशप! बढती झाली तुझी!" ॲम्ब्रोजने त्याला अस्सल बरी गावच्या बोलीत शिव्या हासडल्या. पुढच्या वसंतात तो बिशपही त्याने केला, कारण दुसरं काही आलंच नाही.

पण त्याआधीची गोष्ट. एका शनिवारी दुपारी ॲम्ब्रोज रेडिओवर लँकशायरचा क्रिकेटचा सामना ऐकत होता. दार वाजलं. मिसेस पार्जेटर उभी होती, घरातला ॲप्रन तसाच अंगावर. हिल्डाने तिला आत घेतलं.

"लेनर्ड गेला," ती म्हणाली. "लाकडाचा ढीग कोसळला म्हणे. मातीसुद्धा होऊन गेली तिकडे. आपलं असं कुणी नव्हतं."

रेडिओवर टाळ्या वाजत होत्या. हिल्डाने उठून तो बंद केला.

"तुम्ही ते शब्द म्हणा ना," म्हातारी ॲम्ब्रोजला म्हणाली. "मातीच्या वेळचे."

"मिसेस पार्जेटर, मी पाद्री नाही. चर्चमध्येसुद्धा जात नाही मी. तिकडे कोपऱ्यावर खरा आहे, त्याच्याकडे..."

"ठाऊक आहे मला. वेडी नाही मी," ती एकदम तडकली. "तो खरा सारखा घड्याळ बघतो. तुम्ही इतकी वर्षं फाटकाशी उभे राहून ऐकलंत. लेनर्डला तुमच्याइतकं कोण ओळखतं इथे? त्या मेल्या नाटकानं जीव घाबरला माझा, आठवडाभर चहा गेला नाही घशाखाली. म्हणून टाळत होते. आता म्हणा."

ॲम्ब्रोजने हिल्डाकडे पाहिलं. ही थट्टा करेल, सुटका करेल, असं त्याला वाटलं. हिल्डा खाली बघत होती.

तो चरफडतच उठला. अंगात विटका स्वेटर, पायात सपाता. स्टुडिओतल्या पुठ्ठ्याच्या थडग्यांपुढे किती वेळा म्हटलेले ते शब्द, झोपेत उठवलं तरी आले असते. तरी "लेनर्ड" हे नाव घालायच्या जागी तो अडखळला, घसा खाकरला, आणि उरलेलं घाईघाईने उरकून खाली बसला.

म्हातारीने डोळे पुसले. "सिनेमात जरा सावकाश म्हणता तुम्ही," ती म्हणाली.

ॲम्ब्रोजने उठून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.