आप्पांनी बसवलेला काटा

आप्पा वकिलांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मला त्यांचे फक्त पाय दिसले. बँकेत नोकरी लागून मी सांगलीहून रत्नागिरीला आले होते आणि खोली बघायला त्यांच्या घरी गेले होते. अंगणात एक जुनी राखी रंगाची मोटार उभी होती. तिच्या उघड्या दारातून दोन पाय बाहेर आले होते. बाकीचे आप्पा स्टिअरिंगखाली उताणे पडले होते. पायांनी मला नाव, गाव, मासे चालतात का, हे सगळं विचारलं. मग म्हणाले, "टॉर्च धरता येते का?" मी वाकून टॉर्च धरली. जरा वेळाने आतून निकाल आला, "हात हलतो. खोली तुम्हाला दिली. टॉर्च माईकडे द्या."

माई म्हणजे त्यांची बायको. तिचा हात हलत नसे.

आप्पा जमिनीचे दावे चालवत. बांधावरून, फणसाच्या झाडावरून, वहिवाटीच्या पायवाटेवरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणारी माणसं ओटीवर बसलेली असत आणि आप्पा गाडीत असत. गाडी त्यांनी एका डॉक्टरांकडून जुनी घेतली होती. खाऱ्या हवेमुळे डॅशबोर्डमागच्या तारांच्या टोकांना हिरवा गंज चढायचा आणि दर पंधरवड्याला काहीतरी बंद पडायचं. मेकॅनिकला मात्र घराची पायरी माहीत नव्हती. आप्पा सगळं सोडवून घरात आणत. जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीशेजारी वेग दाखवणारं मीटर पडलेलं असे. तारांची टोकं ते आमसुलाने घासत. माईची वर्षाची आमसुलं गणपतीच्या आत संपत आणि ती न बोलता पुन्हा भरून ठेवी.

डॅशबोर्डवरच्या दिव्यांना आणि काट्यांना आप्पा साक्षीदार म्हणत. "लाल दिवा लागला म्हणजे इंजिन बिघडलं असं नाही. आधी साक्षीदार खरा की फितवलेला ते बघायचं." एकदा तेलाचा दिवा विझेना. त्यांनी तेल तपासलं, ते पुरेसं होतं. मग इंजिनाशी जोडलेली दिव्याची तार काढून हवेत धरली. दिवा तरीही पेटलेलाच. "बघा, इंजिनाशी संबंध तोडला तरी हा आरोप करतोच आहे," असं म्हणून त्यांनी ती तार डॅशबोर्डपर्यंत चाचपत नेली. मध्ये उंदराने तिचं रबर कुरतडलं होतं आणि ती पत्र्याला टेकली होती. ओटीवरच्या अशिलांनीही हे कामकाज उभं राहून पाहिलं. त्या दिवशी त्यांच्या बांधाची गोष्ट निघालीच नाही.

पुढच्या वर्षी आप्पांच्या हातून एक गंमत झाली. तारा जोडून झाल्यावर त्यांनी दिवे लावले आणि हॉर्न वाजू लागला. लाल तार हिरवीच्या जागी गेली होती. आम्ही सगळे हसलो. आप्पाही हसले. माई हसली नाही. तिने त्यांना मिरजेच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. आप्पांनी आम्हाला सांगितलं की चष्म्याचा नंबर बदलला.

गाडी विकायची भाषा त्यांनी एकदाच केली. माई म्हणाली, मी शिकते. तिची पन्नाशी उलटली होती. आप्पांनीच तिला शिकवलं, शेजारच्या सीटवर बसून. समोर काय आहे ते तिने बघायचं, इंजिन काय म्हणतं ते त्यांनी ऐकायचं, अशी वाटणी होती. गावात पहिले काही दिवस बोलणं झालं. मग कोर्टात गाडी वेळेवर येते हे लोकांना कळलं आणि बोलणं थांबलं. डॅशबोर्डचं काम आप्पांनी सोडलं नाही. फक्त आता ते दार लावून घेत आणि टॉर्च मागत नसत.

लांज्याला भाचीचं लग्न होतं. तिचे वडील नव्हते. कन्यादान आप्पा आणि माईच करणार होते. मीही मागच्या सीटवर होते, मांडीवर लाडवांचा डबा. हातखंबा, पाली मागे पडलं. पुढे घाट लागला तेव्हा माई म्हणाली, "पाणी तापल्याचा काटा वर चाललाय."

"जाऊ दे," आप्पा म्हणाले.

"लाल रेघेला टेकला."

"खोटा आहे तो. चालव तू. मुहूर्त चुकेल."

माईने वेग कमी केला. तेव्हा आप्पा खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "तो काटा परवा मीच बसवलाय. नुसता चाचपत. मला काही दिसत नव्हतं. चुकीचाच बसला असणार."

हे वाक्य त्या घरात तोवर कोणी उच्चारलं नव्हतं. मी डब्याकडे बघत राहिले.

"तुम्ही बसवलाय म्हणूनच थांबते," माई म्हणाली आणि तिने गाडी कडेला घेतली.

बॉनेट उघडलं तर वाफेचा लोट आला. रेडिएटरची रबरी नळी टोकाशी फाटली होती आणि पाणी रस्ताभर सांडत आलं होतं. आणखी थोडं पुढे गेलो असतो तर इंजिन कायमचं बसलं असतं. माईने जे दिसत होतं ते सगळं आप्पांना सांगितलं. ते ऐकत उभे होते.

"म्हणजे काटा बरोबर होता," ते म्हणाले.

"अगदी बरोबर."

आप्पांनी कोट काढून माझ्याकडे दिला. झाकणाला कोणी हात लावायचा नाही, म्हणाले, आधी निवू दे. निवल्यावर त्यांनी बोटांनी फाटलेला भाग शोधला, तेवढाच चाकूने कापून टाकला आणि उरलेली नळी ओढून पुन्हा पट्टीत आवळली. मी आणि माईने खाली वाहणाऱ्या पऱ्यावरून लाडवांच्या डब्यातून पाणी आणलं. लाडू माझ्या पदरात होते. गाडी सुरू झाल्यावर आप्पा दर वळणाला विचारत होते, काटा कुठे आहे? माई सांगत होती, मधोमध. मला वाटतं, त्यांना ते पुन्हा पुन्हा ऐकायचं होतं.

मुहूर्त गाठला. हात धुवायला वेळ राहिला नव्हता, म्हणून आप्पांनी काळ्या हातांनीच भाचीचा हात जावयाच्या हातात दिला. भटजींनी एकदा पाहिलं आणि मंत्र पुढे चालू ठेवले. त्यानंतर आप्पांनी नजरेची गोष्ट कोणापासून लपवली नाही. डॅशबोर्ड उघडायचा असला की ओटीवरूनच हाक मारत, "माई, तारांचे रंग सांगायला ये."

माझी बदली झाली आणि काही वर्षांनी आप्पा गेल्याचं मला सांगलीत कळलं. मी माईला भेटायला गेले. ती नुकतीच गाडी घेऊन बाजारातून आली होती. पण आप्पा म्हटलं की मला एसटी स्टँड आठवतो, मी रत्नागिरी सोडली त्या सकाळचा. माईने आम्हाला गाडीतून आणलं होतं. बस लागली तेव्हा मी आप्पांच्या पाया पडले. त्यांनी विचारलं, "रडतेस काय गो? दिसत नाही म्हणून विचारतो."

मी नाही म्हणाले.

"बरं," ते म्हणाले, "मग माईच असेल."