आईच्या गोष्टीला हं द्यायचं राहिलंय

नऊ रात्री झाल्या, मी झोपले नाय.

डोळा लागला की आई गोष्ट सांगताना दिसते. मधेच थांबते. माझ्या तोंडाकडं बघत बसते.

आज आईचा दहावा हाय आणि मी तिथं नाय. इथं नाशिक रोडला खोलीत बसलेय, कारण पोरगी चार दिवस तापलीय. डॉक्टर बोलले, प्रवास करायचा नाय.

आठवी शिकलेय मी. चुकलं तर समजून घ्या, पण पूर्ण वाचा.

आई गेल्या महिन्यात डोळे दाखवायला माझ्याकडं आली होती. आमचा पाडा पेठच्या पुढं, डोंगरात.

त्याच वेळी एक मॅडम इथं नाशिक रोडच्या आमच्या वस्तीत यायच्या. म्हाताऱ्या माणसांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवायचं त्यांचं काम. आमची माणसं उत्तरेच्या डोंगरातनं खाली कशी आली, हे कुठल्याच कागदात लिहिलेलं नाय, असं त्या बोलल्या.

आईला ते सगळं तोंडपाठ.

सात घरं निघाली. कुठल्या ओहळावर कोण थांबलं. कोणी नागलीचं बी अंबाड्यात बांधून आणलं. वाटेत कोण मेलं, कुठल्या झाडाखाली ठेवलं. एकेकाचं नाव घ्यायची.

आता पाड्यावर एवढं सांगणारं कोणीच नाय राहिलं.

त्या दिवशी मॅडमचं मशीन चालू होईना. मग माझ्याच मोबाईलवर घेतलं.

पालथा डबा, त्यावर गोधडी, त्यावर मोबाईल. पंखा बंद. कुकर पण उतरवायला लावला.

मॅडम बोलल्या, "ताई, मावशी बोलतील तेव्हा मधे कोणी आवाज करू नका."

आई बोलली, "मंग सांगू कोणाला? डब्याला?"

"मोबाईलला सांगा, मावशी."

"याला हं देता येतं का?"

मॅडम हसल्या. मी पण हसले.

आई नाय हसली.

आमच्यात गोष्ट अशी नुसती नाय सांगत. समोर एक माणूस बसतो, तो दर वाक्याला हं देतो. त्याशिवाय पुढचं वाक्य निघत नाय.

लहानपणी मी आणि दादा आळीपाळीनं द्यायचो. मी पेंगायचे. दादाचं हं एवढं मोठं की शेजारची काकू ओरडायची, "हिरामण, बैल हाकतोस का गोष्ट ऐकतोस रे!"

आणि आई सांगायची, "बिनहंची गोष्ट सांगणाऱ्याच्या अंगावर बसते. उतरत नाय."

आम्हाला वाटायचं, जागं ठेवायला भीती घालते.

तर आई सांगायला लागली. एक वाक्य बोलली, थांबली. माझ्याकडं बघितलं.

मी ओठावर बोट ठेवलं.

माझ्या आईला मी गप बस अशी खूण केली हो.

ती बोलत राहिली. दर वाक्याला थांबायची. कोणीच काय नाय बोललं.

एकदाच हं आलं. माझी दोन वर्षांची पोरगी आजीच्या पायाशी खेळत होती, ती मधेच बोलली, "हं."

आईचं तोंड कसलं फुललं!

मॅडमनी तिला बाहेर न्या म्हणून हात केला. मी पोरीला उचलून शेजारच्या भाभीकडं देऊन आले.

आई पाड्यावर परत गेली आणि आठव्या दिवशी गेली. सकाळी चुलीपुढं बसल्या बसल्या.

मातीला गेले तेव्हा बाया रडत होत्या, "आता तिचा आवाज कुठं ऐकायचा." मी मोबाईल काढला आणि लावला.

आई बोलली. थांबली. बोलली. थांबली.

दादानं ते थांबणं ऐकलं.

उठून आला. "हं कोणी दिलं?"

मी बोलले, "पोरीनं. एकदाच."

"तू होतीस ना गं समोर? तू काय करत होतीस?"

माझ्या हातातनं मोबाईल घेतला, मागचं झाकण काढलं, मेमरी कार्ड काढून खिशात टाकलं. बोलला, "हे दहाव्याला आईसोबत पाण्यात जाईल. परत घरात नको."

वहिनी हळूच बोलली, "पोरीनं एकदा हं दिलं म्हणतेस ना? मंग गोष्ट आता तिला धरणार. जप तिला."

घरी आलो आणि पाचव्या दिवशी पोरगी तापली.

मॅडमना फोन केला. त्या बोलल्या, "ताई, असं काही नसतं. पण कार्ड सांभाळा, दुसरी कॉपी नाहीये." आमचे हे बोलतात, "आईचं वय झालं होतं. कार्डासाठी भावाशी भांडू नको."

असेल. नसेल पण काय. पोरीच्या कपाळावर हात ठेवला की मला काय कळत नाय.

मला भांडायचं नाय. दादाला वाटतं ते मला पण वाटतं. म्हणूनच कार्ड पाहिजे.

आई जिथं जिथं थांबलीय ती जागा त्यात तशीच हाय. मी लावून बसेन आणि दर जागेला हं देईन. शेवटपर्यंत. मोठ्यानं. मग गोष्ट आईच्या अंगावरनं उतरेल आणि माझ्या पोरीला सोडेल.

कार्ड बुडालं तर हं कशाला देऊ?

आई, गप केलं तुला, माफ कर. थोडी थांब. तिकडं पोचायची घाई करू नको.

दादा माझा फोन घेत नाय. दुपारी ते सगळे नदीवर जातील. पाड्याखाली उतरलं की रेंज येते.

पेठकडचं, हरसूलकडचं कोणी वाचत असेल, ज्याच्याकडं हिरामणदादाचा नंबर हाय, त्यानं आत्ता लावा. शेअर नंतर करा.

त्याला एवढंच सांगा, बहीण हं द्यायला बसलीय. कार्ड पाण्यात टाकू नको, घेऊन ये. तुझं हं माझ्यापेक्षा मोठं हाय.

लावा ना कोणीतरी.