वेलीला आणि कुस्तीला एकच कॅमेरा

फोटो स्टुडिओ चालवणाऱ्याकडे दोन गोष्टी साचतात: गिऱ्हाइकांनी न नेलेले फोटो आणि किस्से. फोटो मी अधूनमधून आवरतो. किस्से आवरवत नाहीत. त्यातले निम्मे तर एका कॅमेऱ्याचेच आहेत!

शहात्तर-सत्त्याहत्तर साल असेल. सांगलीत माझ्या स्टुडिओत संध्याकाळी दोघे हमखास टेकायचे. एक सुभेदार, फौजेतून पेन्शनीत आलेले, गावात तालीम चालवणारे. दुसरे नेमगोंडाअण्णा, द्राक्षबागायतदार. बोलता बोलता ठरलं, तिघांत मिळून सिनेकॅमेरा घ्यायचा.

अण्णांना द्राक्षवेलीचा डोळा, म्हणजे कोंब, फुटताना बघायचा होता, दहा दिवसांचं काम दहा सेकंदांत. सुभेदारांचं नेमकं उलटं. गेल्या जत्रेत पंच म्हणून त्यांनी सख्ख्या भाच्याला, शिवाला, चीत ठरवलं होतं. "माजी पाठ लागलीच न्हवती!" म्हणत शिवानं तालीम सोडली आणि मामाशी बोलणंही.

"यंदाबी पंच मीच हाय," सुभेदार म्हणाले. "माजा डोळा चुकतोय का, ते मला सावकाश बगायचंय. चुकत आसंल तर त्याच्या दारात जाऊन कबूल करीन."

*

पुण्याच्या दुकानदारानं दोन कॅमेरे पुढे ठेवले. एकात स्लो मोशन होतं, पण एकेक चित्र टिपायची सोय नव्हती. दुसऱ्यात ती होती, तर स्लो मोशन नव्हतं. दोघांची अशी जुंपली, की दुकानदार घाईघाईनं आतून तिसरा घेऊन आला. वापरलेला, चांगलाच वजनदार, पण दोन्ही करणारा.

सुभेदारांनी त्याला डोळा लावून रस्त्याकडे बघितलं. "कुठं सावकाश दिसतंय? टांगा हाय तसाच पळतोय!"

मी समजावलं. आत फिल्म जोरात पळवायची, म्हणजे नंतर पडद्यावर सगळं सावकाश दिसतं.

"सावकाश बगाया जोरात पळवायचं? गड्या, पलटणीत आशी उलटी ऑर्डर कवा ऐकली न्हाई!"

तरी घेतला तोच. परतीच्या एस.टी.त कॅमेरा जेमतेम पाव वाटेवरच्या खंडाळ्यापर्यंत अण्णांच्या मांडीवर आणि तिथून सांगलीपर्यंत सुभेदारांच्या, असा करार झाला. करार कुणी केला, ते सांगायला नको!

*

पहिला मान वेलीचा. बागेत तीन पायांच्या तिकाटण्यावर कॅमेरा लावला. दिवसभर, दर अर्ध्या तासाला अण्णा एकदा बटण दाबणार. असे दहा दिवस! अण्णा जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारे, त्यामुळे शेवटची दोन बटणं बागेतल्या गड्याची, तुकारामची.

फिल्म धुऊन आली. पडद्यावर डोळा फुगला, कोवळं पान बाहेर आलं, नवी फूट वाकली आणि एकदम शिपायासारखी ताठ झाली! पुन्हा वाकली, पुन्हा ताठ. अण्णांनी तुकारामकडे बघितलं.

"व्हय, मीच बांदत हुतो," तुकाराम म्हणाला. "मालक, फोटूत वाकडं बरं दिसतंय व्हय?"

अण्णांना हसावं की रडावं कळेना. अण्णांच्या घरच्या काकू मात्र चटकन म्हणाल्या, "आवं, दहा दिस तुमी घरात टेकला न्हाईसा, त्ये येवढ्यासाटी?"

*

मग कुस्तीची रंगीत तालीम. आता चुकायची पाळी माझी होती. स्लो मोशनला अख्खं रीळ मिनिटभरात संपतं, हे मला ठाऊक होतं. पण पैलवान आखाड्यात उतरले आणि मी भान विसरून बटण दाबलं ते दाबलंच.

महिन्यानं मुंबईहून रीळ आलं. पडद्यावर दोन पैलवानांनी मातीला नमस्कार केला, अंगाला माती लावली, हातात हात दिला आणि संपलं!

सुभेदारांनी शांतपणे विचारलं, "कुस्ती पुडल्या रिळात हाय का?"

*

जत्रेला मी शहाणा झालो होतो. आखाड्याच्या अगदी कडेला बसलो आणि डाव लागेपर्यंत बटणाला बोट लावलं नाही. शिवाची जोड गेल्या वर्षीचीच होती. वीस मिनिटांनी त्याला टांग लागली, मी बटण दाबलं आणि निकाल गेल्या वर्षीचाच लागला: शिवा चीत. तो फेटा उचलून मामाकडे न बघता निघून गेला. मला फार वाईट वाटलं.

रीळ आल्यावर भर दुपारी तालमीच्या खिडक्यांना घोंगडी लावली. सगळी तालीम जमली. पोरांनी शिवालाही ओढून आणलं होतं. तो दाराशी उभा राहिला. सुभेदार पहिल्या रांगेत, गुडघ्यांवर हात ठेवून बसले.

पडद्यावर टांग लागली. शिवाचे पाय हळूहळू सुटले. माती उडाली ती हवेतच राहिली. तो खाली येत होता. खांदा जमिनीपासून वीतभर राहिला. मग चार बोटं.

तेवढ्यात डावीकडून पंच आले. निकाल नीट बघावा म्हणून अगदी जवळ गेले, कॅमेऱ्याकडे पाठ केली आणि वाकले. सावकाश. खूप सावकाश. सुभेदारांची खाकी हाफपँट पडदाभर पसरली!

ते उठले तेव्हा शिवा आडवा होता आणि लोक जोडीदाराला खांद्यावर घेत होते. रीळ संपलं.

सुभेदार मान खाली घालून बसले होते. कुणाची हसायची छाती होईना. मग दाराशी कुणीतरी फिस्सकन हसलं.

"मामा," शिवा म्हणाला, "परत एकदा लावाया सांगा की!"