दिवेआगरला कडक ऊन आहे म्हणे!

मागच्या सोमवारी दुपारी, कोळवणच्या आमच्या अंगणात उभी राहून मी फोनवर एका बाईंचं खोटं पकडलं... आणि लाज मात्र मलाच वाटली. थांबा, पहिल्यापासून सांगते.

आमचा चार खोल्यांचा होमस्टे आहे. हे पाहुण्यांचं बघतात, मी स्वयंपाकघर. शनिवार-रविवार, सणवार, सुट्ट्या... सगळं जग फिरायला निघतं तेव्हा आम्ही भाकरी थापत असतो. लग्नाला एकवीस वर्षं झाली, पण दोघंच असे कुठे गेलो नाही. दोनदा ठरलं होतं, दोन्ही वेळेस ऐनवेळी पाहुणे आले आणि राहून गेलं.

पितृपंधरवड्यात मात्र आमच्याकडे कुणी फिरकत नाही. सासऱ्यांचा म्हाळ उरकला की चार दिवस अगदी मोकळे. धाकटी जाऊ सुनंदा म्हणाली, "ताई, जावा तुमी बिनघोर. मी हाय हितं." पण दिवाळीनंतर तीही मुलांच्या शाळेसाठी पुण्याला राहायला जाणार आहे. म्हणजे आता नाही, तर मग कधीच नाही. मी त्याच दिवशी दिवेआगरला समुद्राजवळची एक खोली बुक करून टाकली.

आणि मग सुरू झालं माझं हवामान! मोबाईलमध्ये तीन अ‍ॅप घेतली. एकात ढग, दुसऱ्यात ढगाखाली वीज, तिसऱ्यात नुसता "ऐंशी टक्के" असा आकडा... कशाचे ऐंशी टक्के, देव जाणे. भाजी फोडणीला टाकली की बघ, कपडे वाळत घातले की बघ. त्यात मध्ये आमचा ताम्हिणी घाट. तिथे दरड आली की रस्ता बंद, मग कसला समुद्र न् कसलं काय.

हे एकदा वैतागून म्हणाले, "अगं, त्या मोबाईलकडं बघून पाऊस थांबतोय व्हय?" पटत होतं हो, पण मला राहवत नव्हतं.

शेवटी त्या खोलीच्या मालकीण असलेल्या वहिनींनाच फोन लावायला लागले. सकाळी एक, दुपारी एक. "वहिनी, पाऊस कसा आहे?" आणि रोज तेच उत्तर, "छे हो, कडक ऊन आहे! या बिनधास्त."

आता एक कबुली देते, हसू नका. मीही हेच करते. जूनमध्ये पाहुण्यांना पाऊस हवा असतो, तेव्हा "लई पडतोय, या लवकर" असं मी घाम पुसत सांगितलेलं आहे. ऑक्टोबरात त्यांना ऊन हवं असतं, तेव्हा "पाऊस कधीच गेला" म्हणून मोकळी होते... तेही अंगावर इरलं असताना! पोटाचा धंदा आहे, काय करणार. फक्त असे फोन मी कौलाच्या खोलीत जाऊन घेते. पडवीवर पत्रा आहे, त्यावर पाऊस वाजला की पितळ उघडं पडतं.

तर त्या सोमवारी वहिनी "कडक ऊन" म्हणाल्या आणि मला त्यांच्यामागे ताड ताड ताड असा आवाज आला. चोराच्या वाटा चोराला ठाऊक! मी म्हटलं, "वहिनी, मी पण मुळशीत होमस्टे चालवते. तुम्ही पत्र्याखाली उभ्या आहात ना?"

मग त्या जे हसायला लागल्या... मलाही आवरेना. हसू ओसरल्यावर म्हणाल्या, "आता खरं सांगते. दुपारी दोनला जो धरतो, तो संध्याकाळपर्यंत सोडत नाही. पण सकाळी उघडीप असते. सहाला उठलात तर समुद्र तुमचा. झोपून राहिलात तर मात्र मला बोल लावू नका."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला कुणीतरी खरं हवामान सांगितलं. पण अर्धा दिवस पाऊस म्हणजे... जायचं की नाही? विचारायला आत गेले तर हे आरशासमोर उभे, नवीकोरी बर्मुडा घालून! आयुष्यात कधी पायजम्याशिवाय काही न घातलेला माणूस... मला न सांगता पौडच्या बाजारातून घेऊन आला होता. मला बघून इतका लाजला की मला भरूनच आलं. मी पावसाचं सांगितलं, तर म्हणाले, "पाऊस काय आपल्याला नवा हाय? भिजू की."

गेलो. घाट मोकळा होता. दुसऱ्या दिवशी सहाला किनाऱ्यावर आम्ही दोघं, चार कुत्री आणि एक जाळं ओढणारे काका, एवढेच. ह्यांनी गुडघाभर पाण्यात उभं राहून तासभर नुसतं समोर बघितलं.

दोनच्या ठोक्याला आभाळ फुटलं. वहिनींनी पडवीत दोन पानं मांडली, उकडीचे मोदक वाढले. मी सवयीने ताटं घ्यायला उठले, तर त्यांनी खांद्याला धरून खाली बसवलं. "आज तुम्ही पाहुण्या," म्हणाल्या.

आमच्या घरी हे पाहुण्यांना वाढतात तेव्हा मी चुलीपाशी असते, आणि मी जेवायला बसते तेव्हा हे खोल्या आवरत असतात. त्या दुपारी आम्ही शेजारी शेजारी बसलो, दोघांचं पान एकदम वाढलेलं, दोघांचं गरम. ह्यांनी तुपाची वाटी उचलली आणि आधी माझ्या मोदकावर धार धरली.

वहिनी, एवढ्यासाठी तुमचे खूप खूप आभार.