दुसरी सही

शालनमावशी लग्नाला आली की यजमान तिला स्टेजपासून लांब बसवायला धावायचे. ती रीतसर आहेराचं पाकीट घेऊन स्टेजवर चढायची, नवरीची हनुवटी धरायची, फोटोग्राफरकडे बघून हसायचीसुद्धा, आणि मग चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारायची, "दुसरी सय जाली गो?"

सय म्हणजे सही. नवरी गोंधळायची, नवऱ्याची आई ओठ आवळायची. "झाली" असं उत्तर मिळालं तर मावशी "बरां जालां" म्हणून मुकाट्याने जेवायला बसायची. "नाही अजून" म्हटलं की तिथेच उभी राहून, "केन्ना करतलंस? दीस सांग माका," म्हणून तारखेसाठी ठाण मांडायची. मागे वाजंत्री थांबलेले, पुढे आहेर देणाऱ्यांची रांग. शुभकार्यात अपशकुन करते म्हणून आमच्या धारगळ गावातल्या निम्म्या घरांनी तिला बोलावणं बंद केलं. ती बोलावण्याशिवाय जाऊ लागली.

बाहेरच्या वाचकांना हे उलगडून सांगायला हवं. आमच्या गोव्यात लग्न एकदा मांडवात लागतं आणि एकदा सरकारी कचेरीत, आणि कचेरीतलं पुन्हा दोन टप्प्यांत. आधी पहिली सही. मग कोणाची हरकत असेल तर ती घ्यायला मधे काही दिवस. मग दुसरी सही. ती झाली की बायको नवऱ्याच्या घरादाराची अर्धी मालकीण. या कायद्याच्या जोरावर आम्ही छाती फुगवून देशभर मिरवतो. पण दुसरी सही राहिली, तर ती बाई कोणीच नव्हे. वरात निघो, पंगती उठोत, ती तिथे वर्षानुवर्षं चूल पेटवो, कायद्याच्या लेखी ती त्या घरची पाहुणी.

मावशीची एकुलती मुलगी सुगंधा आमोण्याला दिली होती. जावई बोटीवर नोकरीला. पहिली सही झाली, लग्न थाटात झालं. मीही जेवले होते. मावशी विधवा, हमरस्त्याच्या कडेला भाजी आणि कलिंगडं विकून तिने ते लग्न केलं. दुसऱ्या सहीचा दिवस आला आणि जावयाची म्हातारी आत्या वारली. घरात सुतक. तरी जावई म्हणाला होता, जाऊन येऊ. मावशीनेच निरोप धाडला, "सुतकात खंय सय करतत? शुभ काम तां. मागीर करूया."

ते मागीर, म्हणजे नंतर, काही आलं नाही. जावई बोटीवर गेला. रजेवर आला तेव्हा गणपती होते, पुढच्या रजेत घराचं छप्पर निघालं होतं, आणि एव्हाना पहिल्या सहीची मुदतही टळून गेली होती. कोणाला घाई नव्हती. सगळ्या गावाने अक्षता टाकल्या होत्या, आणखी काय पाहिजे? मग एका रजेत तो दुसरीलाच घेऊन आला. तिच्याशी दोन्ही सह्या अगदी वेळच्या वेळी झालेल्या. सुगंधा कचेरीत गेली तेव्हा तिला सांगण्यात आलं, की तुमचं लग्न पुरं झालेलंच नाही, म्हणून त्याचं हे लग्न कायदेशीर आहे. सासूने तिची पेटी पडवीत आणून ठेवली. मंगळसूत्र तेवढं कोणी मागितलं नाही; ते मावशीच्याच पैशांचं होतं.

सुगंधा धारगळला परतली ती गप्पच झाली. मावशीचं मात्र तोंड सुटलं. गाड्यावर भाजी घ्यायला आलेल्या बायकांनाही ती विचारू लागली, आणि अशा रखडलेल्या सह्या घरोघरी निघाल्या. कोणाचा नवरा वारला होता आणि दीर तिला दारात उभं करत नव्हता, कोणाला नवऱ्याने टाकलं होतं. मावशीने अशा सगळ्या मुलींच्या आयांना गोळा केलं. मी शाळेत मराठी शिकवते, म्हणून सरकारला द्यायचं निवेदन लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मागणी साधी होती. पहिल्या सहीनंतर मांडवात लग्न लागलं असेल, तर भटजी आणि गावचे चार लोक साक्ष देतील. तेवढ्यावर लग्न पक्कं धरा. मी भारदस्त भाषेत लिहिलेलं वाचून दाखवलं तर मावशी म्हणाली, "ह्यां बरां आसा टीचर, पण ह्यात माझां चेडू खंय आसा? तेचां नाव घाल." चेडू म्हणजे मुलगी. मी सुगंधाचं नाव घातलं.

ते घेऊन आम्ही भाईंकडे गेलो. भाई म्हणजे आमच्या भागातले पुढारी. स्वतः कधी निवडणुकीला उभे राहिले नाहीत, पण निवडून आलेले त्यांच्या शब्दाबाहेर नसत. भाईंनी चहा-बिस्किटं दिली, निवेदन चाळलं आणि हसून म्हणाले, "मावशे, कायद्याची चूक नाय ही. दुसरी सय करूक तुमका कोणी अडयलां? आळस तुमचो, आनी बदलूचो कायदो?"

बायका खाली बघू लागल्या. मावशीने कप खाली ठेवला.

"चूक माझीच, भाई. सुतक मीयाच पाळलां. पण माझ्या चुकीची शिक्षा चेडवाक कित्याक?"

त्यावर भाईंनी आश्वासन दिलं. पुढे पर्वरीला, विधानसभेच्या दारापर्यंत आमच्या खेपा झाल्या. उन्हात बसायचं, आतून कोणीतरी यायचं, निवेदन घ्यायचं, फोटो काढून जायचं. एकदा कळलं, विषय विचाराधीन आहे. मावशीने मला अर्थ विचारला. मी म्हटलं, विचार चालू आहे. "चालू आसा तर खंय पावलो?" ती म्हणाली. निवडणुका आल्या की त्याच मंडळींची जीप धारगळात फिरायची आणि मावशीच्या गाड्यावर थांबून कलिंगड खायची. पैसे तिने कधी सोडले नाहीत.

घरात मात्र तिचं काही चालत नव्हतं. मोरजीच्या एका लग्नातून दोघी परतल्या त्या संध्याकाळी सुगंधाचा आवाज मला शेजारी माझ्या पडवीत ऐकू आला. "आई, माझो तमासो कित्याक करतंस? सगळ्यांक कळता तू कोणासाठी इचारतंस." मावशीने आधी अंगणातल्या कोंबड्या खुराड्यात हाकलल्या. मग म्हणाली, "अक्षता कोंबयो खातत गो. सय कोण खायना." दुसऱ्या दिवशी ती पुन्हा एका लग्नाला गेली, एकटी. मला त्या दिवशी तिचा रागच आला होता. पोरीच्या जखमेवरची खपली ही बाई रोज गावासमोर काढते, असं वाटलं. पण त्या नवरीची दुसरी सही आठवड्याच्या आत झाली, हेही खरं.

मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर मावशी तापाने गेली. कायदा होता तिथेच होता. शेवटच्या दिवसांत ती सुगंधाला एवढंच म्हणायची, "सुतक नाय पाळूचां माझां." सुगंधाने सुतक पाळलं.

बाराव्याला भाई आले. फुलांचा हार आणला होता, फोटोला घातला, डोळे पुसले. खुर्चीवर बसून म्हणाले, आधीच येणार होतो, पण घरात मुलीचं लग्न होतं. सुगंधा चहा घेऊन आली तेव्हा त्यांना मावशीबद्दल काहीतरी चांगलं बोलावंसं वाटलं असणार. मनापासूनच बोलले ते, त्यात खोट नव्हती.

"तुझ्या आवयची याद आयली गो माका. माझ्या चेडवाच्यो दोनूय सयो आदी करून घेतल्यो, मागीरच मांडवाचो खांब पुरलो. म्हटलां, उगाच धोको कित्याक? ही शालनमावशेचीच शिकवण."

जमलेल्या बायकांनी माना डोलावल्या. एवढी वर्षं चार माणसांत तोंड न उघडलेली सुगंधा कपबशी हातात धरून तशीच उभी राहिली.

"म्हणजे धोको आसा तां तुमका म्हायत होतां, भाई," ती म्हणाली.

भाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहत राहिले. सुगंधाने कपबशी त्यांच्या हातात दिली.

"चाय घेवा. निवता."