कुरणाखालची डोणी

जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहराबाहेरच्या एका ओलसर कुरणातून आम्ही पाइपलाइन टाकत होतो. शहरातल्या घरांना हीटिंगसाठी गरम पाणी पोचवणारी, जमिनीखालची. मी त्या कामावरची इंजिनिअर. इथे अशा खोदकामात वरची माती काढताना मशीनशेजारी पुरातत्त्व खात्याचं माणूस उभं असतं, आणि त्याला काही दिसलं की मशीन थांबतं. आमच्याकडे एक पन्नाशीची बाई होती, मूळची आयर्लंडची, पण बरीच वर्षं जर्मनीत राहिलेली. एका पावसाळी सकाळी तिने हात वर केला आणि आमचं काम थांबलं.

मी पोचले तेव्हा ती चिखलात गुडघे टेकून बसली होती. समोर काळ्याकुट्ट मातीचा पट्टा आणि त्यात दगडच दगड, सगळे तडकलेले, धारदार कडांचे. त्यातला एक तिने माझ्या हातात दिला. हे दगड आगीत लाल होईपर्यंत तापवायचे आणि पाण्यात सोडायचे, पाणी उकळायचं, आणि फुटलेले दगड बाजूला टाकून द्यायचे, असं तिने जर्मनमध्ये समजावलं. तिच्या देशात असे ढिगारे जागोजागी आहेत, कितीतरी पाइपलाइन खोदतानाच सापडलेले. लहानपणी तिच्या घरामागच्या शेतात तसा एक उंचवटा होता. तो कोरडा राहायचा म्हणून पावसात गाई त्यावर जाऊन उभ्या राहत. जर्मनीत मात्र तिला असं काही पहिल्यांदाच मिळत होतं. ढिगाऱ्याशेजारी पाण्याचा खड्डा असणार, याची तिला जवळजवळ खात्री होती. मी मशीन दुसऱ्या टोकाच्या कामाला पाठवलं आणि ती जागा तिला मोकळी करून दिली.

तेव्हा सासूबाई साताऱ्याहून आमच्याकडे आल्या होत्या. फ्लॅटमध्ये बसून बसून कंटाळल्या होत्या. जेवताना मी त्या दगडांचं सांगितलं, तर त्यांनी भाजी वाढता वाढता विचारलं, मला बघायला मिळेल का. शनिवारी परवानगी काढून मी त्यांना घेऊन गेले. डोक्यावर हेल्मेट, दोन मोज्यांवर चढवलेले माझे बूट, आणि एका हाताने माझा दंड घट्ट धरलेला.

खड्डा सापडला होता. माणूस आडवा झोपेल एवढा लांब, तळाला आणि कडांना लाकडी फळ्या. जमीन सतत ओली, हवा आत पोचली नाही, म्हणून लाकूड टिकलं होतं. बाई एका लहान खुरप्याने शेवटची माती काढत होती.

"अगं, ही तर डोणी," सासूबाई म्हणाल्या. "विहिरीपाशी जनावरांना पाणी प्यायला असते ना, तशी."

मी भाषांतर करून सांगितलं. बाई म्हणाली, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, आणि मग 'डोणी' हा शब्द तिने दोनदा म्हणून पाहिला.

तेवढ्यात तिचा हात थांबला. दोन फळ्यांच्या फटीतून पाणी वर येत होतं. आधी नुसती चमक, मग एक पातळ थर, मग फळ्याच दिसेनाशा झाल्या. कोणी ओतलं नव्हतं, पाऊसही थांबला होता. ज्यांनी जागा निवडली त्यांना खालचं पाणी ठाऊक होतं. पाणी आणायला लागू नये, आपोआप भरावं, म्हणूनच त्यांनी तिथे खणलं होतं. आणि एवढ्या काळानंतर माती बाजूला होताच डोणी पुन्हा आपली आपण भरत होती. आम्हाला खड्ड्यावर वाकलेलं पाहून मशीनवाल्यांनी लांबूनच इंजिन बंद केलं.

सासूबाईंनी हात जोडले. मग हळूच मला म्हणाल्या, "कुणाच्या तरी आंघोळीचं पाणी काढलंय गं, असं वाटतंय."

आंघोळीचं होतं, मांस शिजवायचं होतं की कापड रंगवायचं, मी बाईला विचारलं. तिने नकारार्थी मान हलवली. तिच्या देशात यावर अजून वाद चालतात, नक्की कोणालाच माहीत नाही. सासूबाईंना त्या पाण्याला हात लावायचा होता. बाईने क्षणभर विचार केला आणि त्यांना आधार देऊन खाली बसवलं. त्यांनी बोटं बुडवली, नंतर मीही. पाणी बर्फासारखं गार होतं.

पुढे फळ्या एकेक करून उचलल्या, ओल्या फडक्यांत गुंडाळून नेल्या. एक फळी उलटी केली तर तिच्या पाठीवर कुऱ्हाडीचे घाव काल घातल्यासारखे स्पष्ट दिसले. एका जागी कुऱ्हाड निसटली होती, तो वेडावाकडा ओरखडाही तसाच. तपासणीचा निकाल आला, लाकूड कांस्ययुगातलं, तीन हजार वर्षांहून जुनं. मी फोनवर सांगितलं तेव्हा साताऱ्याला परतलेल्या सासूबाईंनी विचारलं, पाणी अजून येतंय का.

नोंदी झाल्या, फोटो झाले आणि आम्ही ठरलेल्या रेषेतच पाइप टाकला. त्या टप्प्यावर चर खणला तेव्हाही तळाशी पाणी येतच राहिलं. पाइप बसेपर्यंत आम्हाला पंप लावून ते उपसावं लागलं. एरवी मी असं पाणी दिसलं की वैतागते. त्या दिवशी मी पंपाशेजारी उभी राहून, पंपाच्या नळीतून कुरणात जाणारी ती धार बघत राहिले.